झाडे लावली, पट्टी कोणी भरायची?



झाड लावण्याचा समारंभ आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पाहुणे येतात, नारळ फुटतो, खड्ड्यात रोप उभे राहते, त्यावर तांब्याभर पाणी पडते आणि टाळ्या होतात. दुसऱ्या दिवशी त्या रोपाला पाणी कोणी घालायचे, हे मात्र त्या समारंभात कोणी बोलत नाही. चैत्र-वैशाख आला की काट्यांचे कुंपण मोडते, शेळ्या शेंडा खातात, आळे कोरडे पडते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवे रोप लावायला पुन्हा पाहुणे येतात. लावण्याचा खर्च एकदाच असतो. जगवण्याचा खर्च दरसाल असतो, आणि तो कधी संपत नाही.

मग हा दरसालचा खर्च कोणी सोसायचा? सगळ्या गावाने, की ज्याच्या दारापुढे सावली पडते त्याने? किती सोसायचा? खर्च वाढला तर वाढीव पट्टी कोणाला विचारून बसवायची? हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने त्यासाठी एक कायदाच केलेला आहे. त्या कायद्याचा व्यवहार कसा चालतो आणि चालवताना लोकांना कुठे ठेच लागली, ते आज सांगायचे आहे.

कॅलिफोर्निया म्हटले की हिरव्यागार बागा डोळ्यांपुढे येतात. पण त्या राज्याच्या दक्षिण टोकाला सॅन डिएगो शहर आहे, तिथे वर्षाला जेमतेम १० इंच पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक हिवाळ्यात. आपल्या माणदेशातसुद्धा याहून अधिक पडतो. उन्हाळा सगळा कोरडा. तिथल्या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात, चौकात, वस्तीच्या कडेच्या उतारावर जी झाडेझुडपे दिसतात ती बहुतेक नळाच्या पाण्यावर जगवलेली असतात. पाण्याचे बिल, गवत कापणाऱ्याची मजुरी, फुटलेल्या नळीची दुरुस्ती, वाळक्या फांद्यांची छाटणी, मेलेल्या झाडाच्या जागी नवे झाड, असा खर्च बारा महिने चालू असतो.

हा खर्च भागवण्यासाठी कॅलिफोर्नियात १९७२ साली एक कायदा झाला. बागबगीचा आणि दिवाबत्ती यांच्या देखभालीचा तो कायदा. त्याप्रमाणे शहराला किंवा जिल्ह्याला एखादी वस्ती निवडून तिचा स्वतंत्र विभाग करता येतो. आपण त्याला सोयीसाठी ‘निगा-विभाग’ म्हणू. त्या विभागातल्या प्रत्येक घरमालकावर, दुकानमालकावर, प्लॉटवाल्यावर आकारणी बसते, आणि त्या पैशातून फक्त त्याच विभागातल्या झाडांची, हिरवळीची, दिव्यांची देखभाल होते. एका विभागाचा पैसा दुसऱ्या विभागाकडे वळवता येत नाही. एकट्या सॅन डिएगो शहरात असे पन्नासहून अधिक विभाग आहेत.

आता इथे एक भेद नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. कर वेगळा आणि ही आकारणी वेगळी. शेतकऱ्याला हा भेद चटकन कळेल. शेतसारा आपण सरकारला भरतो. त्या पैशाचे सरकार काय करते, रस्ता बांधते की दवाखाना, याचा हिशेब आपल्या शेताशी जोडलेला नसतो. पाणीपट्टीचे तसे नाही. पाट ज्याच्या रानात जातो तो पाणीपट्टी भरतो. ज्याच्या रानात पाणी नाही, त्याच्याकडे कोणी ती मागत नाही. कर हा शेतसाऱ्यासारखा, आणि निगा-विभागाची आकारणी पाणीपट्टीसारखी. लाभ मिळाला तर द्यायची, आणि लाभाच्या मानाने द्यायची.

धुळे-नाशिक भागातल्या श्रोत्यांना फड पद्धत माहीत असेल. पांझरा, मोसम अशा नद्यांवर जुने बंधारे आहेत. त्यांचे पाट दरसाल साफ करायचे, फुटला बांध दुरुस्त करायचा, पाटकऱ्याला मोबदला द्यायचा, हे त्या पाटावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपसांत वाटून केले. ज्याचे रान जास्त भिजते त्याचा वाटा जास्त. कॅलिफोर्नियाच्या कायद्यामागचा विचार याच जातीचा आहे. फरक एवढाच, की पाटाचे पाणी कोणाच्या रानात किती गेले ते डोळ्यांना दिसते. झाडाची सावली कोणाच्या घराला किती लाभली, ते मोजायचे कसे? तिथेच सगळी अडचण आहे.

अडचणीकडे वळण्याआधी, तिकडच्या नगरपालिकांनी या आकारणीचा एवढा आधार का घेतला तेही सांगायला हवे. १९७८ सालच्या जून महिन्यात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी एक मोठा ठराव पास केला. तो ‘तेरावा प्रस्ताव’ म्हणून ओळखला जातो. घरांच्या किमती भराभर वाढत होत्या आणि किमतीबरोबर घरपट्टीही चढत होती. पेन्शनीवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना स्वतःच्या घराची पट्टी भरवेना. तेव्हा लोकांनी कायद्याने घरपट्टीला दावे बांधले. पट्टी घराच्या धरलेल्या किमतीच्या १ टक्क्यापेक्षा जास्त नको, आणि घर विकले जाईपर्यंत ती धरलेली किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. शिवाय एखाद्या खास कामासाठी नवा कर बसवायचा तर मतदारांपैकी दोन-तृतीयांश लोकांची संमती हवी.

घरमालकांची सोय झाली, पण नगरपालिकांची तिजोरी आटली. पोलीस आणि अग्निशमन यांचा खर्च तोडता येत नाही. मग कात्री कशावर चालणार? झाडांवर, बागांवर. अशा वेळी १९७२ चा तो कायदा हाताशी होता. आकारणी हा ‘कर’ नव्हे, म्हणून तिला दोन-तृतीयांशाची अट लागू नाही, असा अर्थ लावून गावोगाव निगा-विभाग निघू लागले.

नव्या वसाहतींची तर एक वेगळीच रीत पडली. जमीन विकसित करणारा बिल्डर परवानगी मागायला आला की नगरपालिका सांगायची, “रस्ते बांध, झाडे लाव, आमची ना नाही. पण पुढची निगा वसाहतीच्या खर्चाने व्हायला पाहिजे.” त्या घटकेला सगळ्या जमिनीचा मालक तो एकटाच. त्याने एक सही केली की निगा-विभाग झाला. पुढे घरे विकली गेली आणि घरांबरोबर ती आकारणीही नव्या मालकांकडे आली. घर घेणाऱ्याला कोणी विचारले नाही, कारण विचारण्याची वेळ तो येण्याआधीच होऊन गेली होती. आपल्याकडे जमीन घेताना शहाणा माणूस सातबाऱ्यावर बोजा आहे का ते आधी पाहतो. तिकडेही घर घेणाऱ्याने ही आकारणी बघून घ्यावी लागते. ती मालमत्ता-कराच्या बिलातच एक स्वतंत्र ओळ म्हणून येते आणि करासारखीच दोन हप्त्यांत वसूल होते. पहिला हप्ता १० डिसेंबरच्या आत, दुसरा १० एप्रिलच्या आत. भरली नाही तर मालमत्तेवर बोजा चढतो.

हळूहळू लोकांची कुरकुर सुरू झाली. घरपट्टीला दावे बांधले तर ती दुसऱ्या दाराने आत आली, असे ते म्हणू लागले. हरकती ऐकून घेऊनही आकारणी बसवण्याची मुभा नगरपालिकेच्या सभेला बरीच होती. यातून ५ नोव्हेंबर १९९६ रोजी मतदारांनी दुसरा एक ठराव पास केला. तो ‘दोनशे अठरावा प्रस्ताव’. त्याने राज्याच्या घटनेतच नियम घालून दिले. ते थोडक्यात असे.

पहिला नियम. आकारणी बसवायची किंवा वाढवायची तर आधी सरकारमान्य इंजिनियरचा लेखी अहवाल पाहिजे. दुसरा नियम. त्या अहवालात ‘विशेष लाभ’ आणि ‘सर्वसाधारण लाभ’ वेगळे काढले पाहिजेत. दारापुढची झाडे राखली जातात, हा त्या वस्तीतल्या घरांचा विशेष लाभ. त्याच रस्त्याने जाणाऱ्या परगावच्या माणसाच्या डोळ्यांना गारवा वाटतो, हा सर्वसाधारण लाभ. मालकांकडून फक्त विशेष लाभाचे पैसे घ्यायचे. सर्वसाधारण लाभाचा वाटा नगरपालिकेने आपल्या तिजोरीतून घालायचा. नुसते ‘घरांची किंमत वाढेल’ एवढे सांगून भागत नाही. तिसरा नियम. सरकारी जमिनीला आपोआप सूट नाही. शाळा असो की कचेरी, तिला लाभ होत असेल तर तिनेही भरायचे. चौथा नियम. प्रत्येक मालकाला टपालाने नोटीस आणि मतपत्रिका पाठवायची, आणि त्यानंतर किमान ४५ दिवसांनी जाहीर सुनावणी घ्यायची. पाचवा नियम. परत आलेल्या मतपत्रिकांत विरोधाचे पारडे जड झाले तर आकारणी रद्द, मग नगरपालिकेच्या सभेला काहीही वाटो.

पण हे पारडे माणसे मोजून ठरत नाही बरं का! ते पैशाने ठरते. ज्याच्यावर जेवढी आकारणी, त्याच्या मताला तेवढे वजन. ऐकायला हे विचित्र वाटेल. म्हणून एक हिशेब मांडून पाहू. आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. शिक्षक बंधू-भगिनींनी ते फळ्यावर मांडायला हरकत नाही.

समजा, एका विभागात ४०० स्वतंत्र घरे आहेत, १०० फ्लॅट आहेत, एक बाजारसंकुल आहे आणि एक सरकारी शाळा आहे. इंजिनियरने ठरवले की एका घराचा १ एकक धरू. फ्लॅट लहान, त्याचा पाऊण एककाहूनही थोडा कमी, म्हणजे ०.७ धरू. बाजारसंकुलाचे २० एकक आणि शाळेचे १०. आता बेरीज करा. घरांचे ४००, फ्लॅटचे ७०, संकुलाचे २०, शाळेचे १०. एकूण ५०० एकक झाले.

झाडांच्या निगेचा वर्षाचा खर्च १,००,००० डॉलर. त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे १०,००० डॉलर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या लाभाचा धरून नगरपालिकेने सोसायचा. राहिले ९०,०००. त्याला ५०० एककांनी भागले की एका एककाला १८० डॉलर येतात. म्हणजे घराला वर्षाला १८० डॉलर, फ्लॅटला १२६, शाळेला १,८०० आणि बाजारसंकुलाला ३,६००.

आता मतपत्रिका गेल्या. सगळेच काही उत्तर पाठवत नाहीत, आणि ज्याने पत्रिका पाठवली नाही त्याचे मत कुठेच धरले जात नाही. समजा, १५० घरमालकांनी ‘नको’ म्हटले. त्यांचे वजन १५० गुणिले १८०, म्हणजे २७,०००. ११० घरमालकांनी ‘हो’ म्हटले, त्यांचे १९,८००. २५ फ्लॅटवाल्यांनी ‘हो’ म्हटले, त्यांचे ३,१५०. संकुलाचे ‘हो’, ३,६००. शाळेचे ‘हो’, १,८००. होकाराची बेरीज २८,३५०. नकार २७,०००. आकारणी मंजूर!

आता माणसे मोजा. ‘नको’ म्हणणारे १५०. ‘हो’ म्हणणारे ११० अधिक २५ अधिक २, म्हणजे १३७. ग्रामसभेत हात वर करायला सांगितले असते तर ठराव पडला असता. आणि आणखी एक गंमत पाहा. शाळेचे १,८०० वजा केले तर होकार २६,५५० वर येतो आणि ठराव पडतो. म्हणजे सगळा निकाल एका सरकारी मतावर लोंबकळतो आहे.

तुमच्यातला एखादा कारभारी म्हणेल, “हा कुठला न्याय? पैसेवाल्याचं मत मोठं आणि गरिबाचं लहान?” या शंकेत तथ्य आहे. पण दुसरी बाजूही ऐकून घ्या. निवडणुकीत आपण राज्य कोणी चालवायचे ते ठरवतो, तिथे प्रत्येक माणूस सारखा. इथे फक्त एका खर्चाची वाटणी ठरते. ज्याच्या खिशातून ३,६०० जाणार, त्याला १८० वाल्याएवढेच मत दिले तर घरमालक एकजूट करून सगळा बोजा दुकानदारावर टाकतील, अशी भीती आहे. म्हणून भाराच्या मानाने मत. ही बाजू खरी धरली तरी एक उणीव राहतेच. भाड्याने राहणाऱ्या माणसाला साधारणपणे मतपत्रिका मिळत नाही, आणि मालकाने भाडे वाढवले तर भार मात्र त्याच्यावर येतो. झाडाखाली बसतो तोही बहुधा तोच.

सरकारी मताचा प्रश्न तर कोर्टापर्यंत गेला. सॅन डिएगो शहरात गोल्डन हिल नावाची जुनी वस्ती आहे. तिथे २००७ साली निगा-विभाग झाला. रहिवाशांच्या एका संघाने त्याला आव्हान दिले. २०११ साली अपील कोर्टाने ती आकारणी बेकायदा ठरवली. कोर्टाचे म्हणणे साधे होते. विशेष लाभ आणि सर्वसाधारण लाभ अहवालात नीट वेगळे काढलेले नाहीत, आणि शहराने आपल्या मालकीच्या जमिनींच्या मताला जे वजन दिले त्याला अहवालात पुरेसा आधार नाही. त्याआधी, २००८ साली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांता क्लारा जिल्ह्यातली मोकळ्या जमिनी राखण्याची आकारणी रद्द केली होती. ती एका घराला वर्षाला फक्त २० डॉलर होती. पण रक्कम लहान म्हणून कोर्टाने सोडले नाही. डोंगर-रान राखल्याचा लाभ सगळ्या मुलखाला सारखाच असेल, तर तो कोणाचाच ‘विशेष’ नव्हे, असे कोर्टाने ठरवले. थोडक्यात, ‘आम्ही तुमच्या भल्यासाठीच मागतो आहोत’ हे उत्तर चालत नाही. भले कोणाचे, किती आणि कसे, ते मागणाऱ्याने दाखवून द्यायचे असते.

आता येतो सगळ्यांत कठीण भाग, म्हणजे आकारणी वाढवणे.

एकदा १८० डॉलर ठरले. पुढच्या वर्षी पाणी महागले, मजुरी वाढली, डिझेल वाढले. समजा, खर्च दरसाल ३ टक्क्यांनी वाढतो. दहा वर्षांनी जे काम आज १०० डॉलरमध्ये होते त्याला सुमारे १३४ लागतील. आकारणी मात्र जिथल्या तिथे. म्हणजे हातात असलेल्या पैशात पाऊण कामच होणार. मग काय होते? आधी गवत आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी कापले जाते. मग छाटणी पुढच्या वर्षावर जाते. फुटलेली नळी बदलण्याऐवजी तिचे तोंड बांधून टाकतात. झाड मेले तर खड्डा बुजवतात, नवे लावत नाहीत. यातली एकही गोष्ट एका दिवसात डोळ्यांत भरत नाही. पण पाच-सात वर्षांनी वस्ती उजाड दिसू लागते.

त्या वेळी नगरपालिका वाढीची मतपत्रिका पाठवते. मालक काय म्हणतात? “आत्ताच तुमच्याच्यानं निगा होत नाही, आणखी पैसे कशाला देऊ?” त्यांचेही चूक नाही. नगरपालिका म्हणते, “पैसे नाहीत म्हणून निगा होत नाही.” तिचेही चूक नाही. वाढ नामंजूर होते, निगा आणखी कमी होते, आणि पुढच्या वेळी ‘हो’ म्हणणारे आणखी घटतात. गाय दूध देत नाही म्हणून पेंड बंद करायची, आणि पेंड नाही म्हणून गाय आटायची, तसा हा फेरा. यात बळी जातो तो झाडाचा. माणसांची भांडणे दहा वर्षे चालू शकतात. झाडाला दोन उन्हाळे पाणी मिळाले नाही तर ते संपते, आणि त्याच्या जागी तेवढ्या सावलीचे झाड यायला एक पिढी जावी लागते.

या फेऱ्यातून सुटण्याचे मार्गही तिथल्या लोकांनी शोधले आहेत. पहिला मार्ग म्हणजे वाढीचे सूत्र आधीच मतदानात मांडणे. महागाईचा सरकारी निर्देशांक जेवढा चढेल तेवढीच आकारणी दरसाल वाढेल, अशी अट मालकांनी एकदा मंजूर केली की त्या मर्यादेतल्या वाढीसाठी पुन्हा मतदान लागत नाही. त्याहून जास्त वाढवायची तर मात्र पुन्हा दारात जायचे. ज्या विभागांनी ही तरतूद सुरुवातीला केली त्यांची झाडे तग धरतात. ज्यांनी ‘लोक बिचकतील’ म्हणून ती गाळली, ते पुढे अडकतात.

दुसरा मार्ग म्हणजे खर्चच कमी लागेल अशी लागवड. २०१५ साली मोठ्या दुष्काळात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी शहरांचा पाणीवापर राज्यभर चौथ्या हिश्श्याने कमी करण्याचा हुकूम काढला, आणि रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या शोभेच्या गवताला पिण्याचे पाणी देण्याची बंदी केली. २०२३ साली तर कायदाच झाला. नुसत्या शोभेसाठी राखलेल्या, ज्यावर कोणी बसत-खेळत नाही अशा सार्वजनिक हिरवळीला पिण्याचे पाणी देणे १ जानेवारी २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायचे. झाडे जगवायला लागणाऱ्या पाण्यावर मात्र ही बंदी नाही. यामुळे पुष्कळ विभागांत गवत काढून तिथल्या मातीची, कमी पाण्यावर जगणारी झुडपे आणि ठिबकच्या नळ्या आल्या. जे काम वाढीव आकारणीने झाले नाही, ते थोडेफार शहाण्या लागवडीने झाले.

तिसरा मार्ग अगदी वेगळा. सॅन फ्रान्सिस्को शहरात रस्त्याकडेच्या बहुतेक झाडांची जबाबदारी समोरच्या घरमालकावर असे. एखादा प्रेमाने निगा करी, दुसरा ढुंकून पाहत नसे, आणि मुळांनी फरशी उचलली की भांडणे. २०१६ च्या नोव्हेंबरात तिथल्या मतदारांनी ठरवले की रस्त्यावरच्या झाडांची निगा शहरानेच करायची. सुमारे सव्वा लाख झाडे. त्यासाठी शहराच्या सर्वसाधारण तिजोरीतून दरसाल किमान १ कोटी ९० लाख डॉलर बाजूला ठेवायचे. म्हणजे इथे झाडाची सावली सगळ्यांची धरली आणि खर्चही सगळ्यांचा. यात गरीब वस्तीला झाड मिळण्याची शक्यता अधिक. उलट निगा-विभागाच्या पद्धतीत ज्या वस्तीला पैसे देणे परवडते तीच हिरवी होते आणि शेजारची उघडी राहते, हा दोष आहेच. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट मात्र सारखी आहे. पैसा कुठून येणार आणि कशावर खर्च होणार, ते आधी ठरले, आणि लोकांना विचारून ठरले.

हे सगळे ऐकून आपण काय घ्यायचे? आपल्याकडे ग्रामपंचायतीला घरपट्टी, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी घेण्याचा अधिकार १९५८ च्या कायद्याने आहे. शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, आणि मुंबईच्या मालमत्ता-कराच्या बिलात वृक्ष उपकराची ओळ असते. २०१० साली राज्याने पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आणली, तिच्यात झाडे लावणे आणि करवसुली या दोन्ही अटी शेजारी शेजारी घातल्या होत्या. त्या अटींमागचा हिशेब उघड आहे. ज्या गावाची वसुली होत नाही त्या गावाची झाडे कशावर जगणार?

कॅलिफोर्नियाचा कायदा उचलून इथे लावा, असे मी म्हणत नाही. मताला पैशाचे वजन आपल्या ग्रामसभेला पटणारही नाही, आणि पटू नये. पण तिथल्या तीन सवयी घेण्याजोग्या आहेत. पहिली, झाड लावण्याच्या ठरावातच तिसऱ्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा खर्च लिहायचा. दुसरी, त्या खर्चाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि वर्षाकाठी त्याचा हिशेब चावडीवर लावायचा, म्हणजे दुसऱ्या वर्षी मागायला तोंड राहते. तिसरी, दर वाढवायचा असेल तर तो कशाने आणि किती वाढेल ते सुरुवातीलाच सांगायचे. मागाहून वाढवलेली पट्टी माणसाला फसवणूक वाटते. आधी सांगितलेली वाढ तो कुरकुरत का होईना, भरतो.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या आवारातली झाडे मुलांकडून मोजून घ्या. एका झाडाला उन्हाळ्यात आठवड्याला किती पाणी लागते, ते आणायला किती खेपा, टँकर आणला तर किती रुपये, हा हिशेब त्यांना करू द्या. मग गावात घरे किती, आणि घरटी महिन्याला किती पडतील, ते त्रैराशिकाने काढू द्या. उत्तर बहुधा एका चहाच्या किमतीच्या आसपास येईल किंवा तिच्याहून पुष्कळ जास्त येईल. काहीही आले तरी तो आकडा ग्रामसभेपुढे ठेवता येतो. लोक खर्चाला भितात त्याहून जास्त न कळलेल्या खर्चाला भितात. आकडा समोर आला की निदान बोलणे तरी सुरू होते.

आणि पुढच्या समारंभात पाहुण्यांच्या हाती फावडे देण्याआधी सरपंचांना कोणीतरी एवढेच विचारावे, “आप्पा, पाण्याचं काय ठरलंय?” त्याला उत्तर असेल तर खुशाल शंभर झाडे लावा. उत्तर नसेल, तर जेवढ्यांचे उत्तर असेल तेवढीच लावा.